तरवडाला पाणी

११ मार्च

काम हाती घेतलं की त्याची रोजनिशी ठेवायची, ही माझी नोकरीतली सवय. सगळी हयात पाणीपुरवठ्यात गेली. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडला, कुठल्या गल्लीत दाब किती होता, सगळं लिहून ठेवायचो. लोक शिव्या द्यायचे ते द्यायचेच, पण माझ्याकडे दाखवायला कागद असायचा. निवृत्त झाल्यावर लिहिण्यासारखं काम उरलं नव्हतं. आता आहे. घरच्या बागेत तरवड वाढवायचा आहे.

उद्या कुणी ही वही उघडली तर हसेल, म्हणून कारणही लिहून ठेवतो. नवरात्रात आमच्या घटाला पहिली माळ तरवडाच्या पिवळ्या फुलांची असते. ही सिंधुच्या माहेरची रीत, लग्नानंतर तिच्याबरोबर आमच्या घरी आली. फुलंही माहेरचीच. तिचे थोरले भाऊ बापूसाहेब देवणीला शेती करतात. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ते बांधावरची फुलं तोडतात, ओल्या पंचात गुंडाळतात आणि लातूरच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली करतात. मी स्टँडवर जाऊन गाठोडं घेऊन येतो. दरसाल हे असंच चालतं. यंदा गाठोडं येणार नाही.

त्याचं कारण असं. बापूसाहेबांनी हिवाळ्यात बोअर मारलं. जागा मी दाखवली होती, उतार बघून, खडक बघून, अगदी शास्त्रशुद्ध. त्यांनी मात्र तळहातावर नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याला बोलावलं. नारळ जिथं उभा राहिला तिथं बोअर मारलं आणि पाणी लागलं. लागतं कधीकधी. गेल्या महिन्यात त्यांच्या नातवाचं बारसं होतं. भरल्या मांडवात माझ्यापुढं तांब्या ठेवून म्हणाले, "घ्या दाजी, नारळाचं पाणी." सगळे हसले. मी म्हणालो, "तपासल्याशिवाय मी कुठलंच पाणी पीत नाही. आणि हे तर एप्रिलात आटणार." तांब्या तसाच ठेवून आम्ही निघालो.

यात रागाचा काही संबंध नाही, प्रश्न पाण्याच्या गुणवत्तेचा आहे. पण आपल्याकडे पाहुणा पाणी न पिता उठला की लोक त्याचा भलताच अर्थ काढतात. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे.

सिंधु म्हणते, "एक फोन करा." मी म्हणतो, ओंजळभर फुलांसाठी मिंधं का व्हायचं? आपला हात जगन्नाथ. तरवड म्हणजे काही गुलाब नाही. उघड्या माळावर, मुरमात, कुणी न विचारता येतो. त्याला शेरडंसुद्धा तोंड लावत नाहीत. असलं झाड वाढवायला अक्कल ती काय लागणार?

१३ मार्च

नर्सरीत गेलो. तरवड आहे का विचारल्यावर मालक माझ्याकडं बघतच राहिला. "साहेब, ते कोण इकत घेतंय?" मग एक पिवळ्या फुलांचं बाहेरदेशी झाड दाखवून म्हणाला, "हे न्या. सेम दिसतंय. देवाला कळत न्हाई." मी म्हणालो, देवाला नाही कळलं तरी देवणीला कळेल. रिकाम्या हातानं परत आलो.

१६ मार्च

रेणापूरच्या रस्त्याला स्कूटर घेऊन गेलो. डावीकडच्या माळावर तरवड दिसला. कमरेएवढं झुडूप, उन्हात हिरवंगार. एक रोप मुळासकट काढावं म्हणून कुदळ चालवली. मुळी खाली जातच राहिली. मोटारसायकलवरचा एक माणूस थांबून बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "काका, काही पुरून राहिलात का काढून राहिलात?" मी म्हणालो, काढून राहिलोय. तेवढ्यात मुळी कटकन मोडली.

मग वाळलेल्या शेंगा तोडून पिशवी भरून आणली. येताना टायरमध्ये बाभळीचा काटा घुसला. स्कूटर ढकलत आलो. सिंधुनं दारातून माझा अवतार बघितला आणि म्हणाली, "देवणीला फोन लागतो म्हणं. रेंज चांगली हाय."

२० मार्च

बी फार टणक आहे. मृण्मयी, आमची मुलगी, पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, गरम पाण्यात भिजवायचं. मी व्हिडिओ पाठवते." शेजारचे पाशामियाँ म्हणाले, "साहब, पानी से क्या होता? हमारे पास पॉलिश पेपर हाय."

पाशामियाँचं गंजगोलाईच्या बाजाराजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आता मुलगा बघतो. पाशामियाँ घरी असतात आणि माझ्यासारखेच कामाच्या शोधात असतात. दुपारभर आम्ही दोघं ओट्यावर बसून एकेक बी पॉलिश पेपरवर घासत होतो. मग पाण्यात टाकलं. जे तळाला गेलं ते चांगलं, जे तरंगलं ते पोकळ. हा माझा शोध नाही, शेतकी खात्याचा नियम आहे. तळाचं बी पाच कुंड्यांत लावलं. तरंगणारं नालायक बी कंपाउंडपलीकडं भिरकावून दिलं. तिकडं पुण्यात राहणाऱ्या कुणाचा तरी रिकामा प्लॉट आहे आणि त्यावर मुरमाचा ढीग पडलेला आहे.

५ एप्रिल

उगवलं. पाचही कुंड्यांत उगवलं. सिंधुला हाक मारली. ती आली, वाकून बघितलं आणि "अगंबाई, खरंच की" म्हणाली. तिचा चेहरा थोडा उतरल्यासारखा वाटला. ऊन फार आहे सध्या.

९ एप्रिल

गुढीपाडवा. देवणीहून फोन येईल असं सिंधुला वाटत होतं, आला नाही. मृण्मयीला मी सहज विचारलं, मामाचं बोअर आटल्याचं काही कानावर आलं का? ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच विचारा ना." आजकालच्या मुलांना साधी माहिती गोळा करून देता येत नाही.

२६ एप्रिल

आज मनाला फार बरं वाटलं. सिंधुनं कुंड्यांना पाणी घालायचं काम आपणहून अंगावर घेतलं आहे. इतकी वर्षं तिनं बागेकडं ढुंकून पाहिलं नाही. आता सकाळी आरओच्या मशीनचं वाया जाणारं पाणी, दुपारी तांदूळ धुतलेलं, संध्याकाळी डाळ धुतलेलं, सगळं तरवडाला. मी म्हणालो, इतकं लागतं का गं? ती म्हणाली, "मग काय फेकून देऊ?"

लातूरच्या माणसाला हे लगेच पटतं. आम्ही रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली माणसं. नळ आठवड्यानं येतो. पाणी मोरीत ओतायचं म्हटलं की जिवावर येतं. मनात म्हटलं, माहेर तुटलं म्हणून रडत न बसता नवऱ्याच्या कामाला हातभार लावते आहे. अशी बायको मिळायला नशीब लागतं.

१० मे

दोन कुंड्यांतली रोपं पिवळी पडून माना टाकून बसली. ऊन बेचाळीसच्या वर गेलं आहे. निदान सरळ आहे, पाणी कमी पडतंय. सलाइनच्या नळ्या आणून प्रत्येक कुंडीला ठिबक बसवलं. शहराला पाणी पाजलेला माणूस मी, पाच कुंड्यांना पाजू शकत नाही?

१४ मे

आणखी एक गेलं. ठिबकचा वेग वाढवला.

१९ मे

आणखी एक. पाशामियाँ म्हणाले, "खत डालो साहब," आणि कोंबडीखत आणून दिलं. गल्लीत वास सुटला. सिंधुनं बिचारीनं वास धुऊन जावा म्हणून कुंड्यांत चार तांबे पाणी जास्तीचं ओतलं.

२५ मे

एकच उरलं आहे. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतील. म्हणोत. मेलेल्या चार कुंड्यांची माती कंपाउंडपलीकडच्या ढिगावर ओतली आणि उरलेली कुंडी गच्चीवर नेली. खालच्या दमट हवेत काहीतरी रोग असणार. वर मोकळी हवा, भरपूर ऊन.

२ जून

सिंधुचे गुडघे दुखतात. त्यामुळं ती देवळात येत नाही, बाजारात येत नाही, मृण्मयीकडं पुण्याला जायचं म्हटलं तरी जिने मोजते. पण आज बघतो तर आरओची बादली घेऊन एकेक पायरी चढत गच्चीवर निघाली होती. मी म्हणालो, "अगं, राहू दे, मी नेतो." ती म्हणाली, "तुम्ही बसा. हे माझं काम हाय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला दाखवलं नाही.

११ जुलै

गच्चीवरचा तरवड गुडघ्याएवढा झाला आहे. पानं जरा फिकट आहेत, पण जिवंत आहे. यंदा पाऊसही बरा चालू आहे. सिंधु पावसातसुद्धा छत्री घेऊन बादली वर नेते. आज मात्र मी तिला सांगितलं की पाऊस असताना पाण्याची गरज नसते. ती म्हणाली, "पावसाचं पाणी वेगळं, घरचं वेगळं." शास्त्रात याला आधार नाही. पण श्रद्धा असते एकेकाची.

१९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. सिंधुनं पुरण घातलं होतं. स्वतः अर्धी पोळी खाल्ली आणि उठली. भूक नाही म्हणाली. राखी पोस्टानं पाठवली होती. पोचली की नाही ते कळलं नाही. मी म्हणालो, तू एकटी जाऊन आली असतीस. ती म्हणाली, "माझा नवरा ज्या दारातून पाणी न पिता उठला त्या दारात मी राखी घेऊन कशी जाऊ?"

हवा बदलल्याचा त्रास असेल. रात्री तिला ओवा दिला.

२७ ऑगस्ट

कळ्या! शेंड्याला झुपका धरला आहे. लगेच फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमच्या लातूरच्या गच्चीवरील तरवड. यंदाच्या घटासाठी." त्या ग्रुपवर बापूसाहेबही आहेत. कुणी बघावं म्हणून टाकला असं नाही, पण बघितलं तर बघोत.

सगळ्यांनी अंगठे पाठवले. संध्याकाळी बापूसाहेबांचं उत्तर आलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा. लिहिलं होतं, "टाकळा दिसतोय."

टाकळा! पावसाळ्यात उकिरड्यावर उगवतो तो. माझा हात फोनवर गेला होता. पण असल्या माणसाच्या तोंडी लागू नये म्हणून फोन ठेवून दिला. सिंधु म्हणाली, "करा की. भांडा त्याच्याशी. चांगलं अर्धा तास भांडा." तिच्या आवाजात इतका उत्साह मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. पण मी संयम राखला.

२८ ऑगस्ट

झोप लागली नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं तर नाही? सकाळी चष्मा लावून पानं तपासली. टाकळ्याला एका काडीवर पानांच्या दोन-तीनच जोड्या असतात. माझ्याकडं भरपूर आहेत. हा तरवडच. बापूसाहेबांना लिहिणार होतो. लिहिलं आणि पुसलं. माहीत असून जो खोटं बोलतो त्याला काय पटवायचं?

१० सप्टेंबर

बाजारातून परत आलो तर पाशामियाँ गच्चीच्या जिन्यातून उतरत होते. हातात कागदाची पुडी. म्हणाले, "शुक्रिया साहब. डॉक्टर बोले शुगर बढ गई. तरवड के कलियों का काढा लई गुणकारी. भाभी ने बोला, सगळ्या घेऊन जा."

मी वर धावलो. झुपका साफ. एक कळी नाही.

सिंधुला विचारलं. ती डाळ निवडत होती. म्हणाली, "शेजारधर्म हाय की नाही काही? माणसाची शुगर मोठी का आपली माळ?" मला स्वतःचीच लाज वाटली. या बाईचं मन फार मोठं आहे. मी नुसता फुलांचा विचार करत बसलो.

पाशामियाँ संध्याकाळी काढा घेऊन आले. मलाही प्यायला दिला. कडू होता.

२२ सप्टेंबर

नव्या कळ्या येतील म्हणून वाट बघत होतो. उलट पानं गळायला लागली. बुंध्याशी बोट घातलं तर आत गेलं. मूळ कुजलं आहे. कुंडीखालचं भोक बघितलं तर तांदळाच्या कण्यांनी आणि डाळीच्या सालांनी गच्च बुजलेलं. इतके महिने घरातलं सगळं धुवण त्यात जात होतं. माझ्या नोकरीत अशी तुंबलेली लाइन मी वासावरून ओळखायचो, आणि घरच्या कुंडीत मला कळली नाही.

सिंधुला सांगितलं. ती म्हणाली, "अरेरे." मग जरा थांबून म्हणाली, "मग आता काय, फोन करणार?" मी म्हणालो, झेंडूची माळ घालू. ती आत गेली आणि भांडी जरा जोरात आपटली.

१ ऑक्टोबर

आजचं नीट, क्रमानं लिहायला हवं.

परवा घट बसणार. मेलेली कुंडी घरात नको म्हणून सकाळी ती ओतायला कंपाउंडच्या मागं गेलो. पावसाळाभर तिकडं फिरकलो नव्हतो. गवत छातीपर्यंत वाढलं होतं. ते बाजूला सारलं आणि मुरमाचा ढीग बघितला.

ढीग दिसतच नव्हता. नुसता पिवळा. तरवडाची झुडपं एकमेकांत अडकलेली, आणि प्रत्येकाला घोसच्या घोस. मी मार्चमध्ये नालायक म्हणून भिरकावलेलं बी. त्याला कुणी पाणी घातलं नव्हतं, खत घातलं नव्हतं, ठिबक लावलं नव्हतं. कुंडी माझ्या हातात तशीच राहिली.

मी ओरडलो, "सिंधु, लवकर ये!" ती गुडघे धरत आली. बघितलं. एका दगडावर बसली आणि रडायला लागली. पदर तोंडाशी धरून, लहान मुलीसारखी हुंदके देत.

मी म्हणालो, "अगं, आनंदाची गोष्ट आहे. माळ झाली."

ती म्हणाली, "झाली ना. आता तुम्हाला फोन करायचं काही कारणच उरलं न्हाई."

मला काही कळेना. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मी गुडघे मोडून गच्चीवर बादल्या नेल्या, त्या काय झाड जगावं म्हणून? मरावं म्हणून नेल्या. मी देवणीची हाय. तरवडाला पाणी घालत न्हाईत एवढं मला कळत न्हाई का? कळ्यासुद्धा मीच न्यायला लावल्या. म्हटलं, हातात काही उरलं न्हाई म्हणजे तरी हा माणूस फोन उचलंल."

हे समजायला मला जरा वेळ लागला. चहा झाला, दुसरा चहा झाला. मी ही वही मागं चाळून बघितली. २६ एप्रिल वाचलं. २ जून वाचलं. तिथं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तुला माळ तरवडाची पाहिजे होती ना?" मी विचारलं.

"मला दादानं पाठवलेली पाहिजे होती," ती म्हणाली. "फुलं काय, कुठंबी मिळतात."

मग तिनं आणखी एक सांगितलं. उमाबाई वहिनींचा तिला अधूनमधून फोन असतो. रस्ता रुंद करताना देवणीचा बांध उन्हाळ्यातच गेला. जेसीबीनं सगळा तरवड खणून काढला. म्हणजे यंदा बापूसाहेबांच्या घटालाही माळ नाही. ते माळामाळानं हिंडले, पण जिथं तिथं सोयाबीन झालंय. सिंधुला हे आठवड्यापूर्वी कळलं आणि तेव्हापासून तिला काय करावं ते सुचत नव्हतं.

मी मागं जाऊन ढिगावरची फुलं पुन्हा एकदा बघून आलो. मग म्हणालो, "उद्या देवणीला जातो. फुलं घेऊन."

ती एकदम उभी राहिली. गुडघे दुखल्याचं दिसलं नाही.

"हा टाकळा नाही, हे दाखवायला जातोय," मी म्हणालो. "बाकी काही नाही."

"हाव, हाव," ती म्हणाली. "तेवढ्यासाठीच जा."

२ ऑक्टोबर

सर्वपित्री अमावास्या. चांगल्या कामाला आज कुणी निघत नाही. पण माझं काम वनस्पतिशास्त्राचं असल्यामुळं हरकत नव्हती. सकाळीच दोघांनी मिळून फुलं तोडली. पिशवी छातीशी धरून एसटीत बसलो. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो. पानांच्या जोड्यांपासून सुरुवात करायची, मग फुलाचा आकार, मग शेंग. त्यांना बोलायला जागाच ठेवायची नाही.

बापूसाहेब घराजवळच्या आखाड्यावर, गोठ्यापाशी होते. बैलांना वैरण टाकत होते. मला बघून हातातली पेंढी तशीच राहिली. "या दाजी," म्हणाले. वाळल्यासारखे दिसत होते. मी पिशवी त्यांच्यापुढं उघडली.

त्यांनी एक डहाळी उचलली, उलटीसुलटी केली, फुलाचा वास घेतला. मग खाली बघत म्हणाले, "तरवडच हाय."

"मग टाकळा का लिहिलं?"

"तुमी चिडून तरी फोन कराल वाटलं," बापूसाहेब म्हणाले. "त्याच्यावर तर तुमी गप्पच बसले."

माझी सगळी वाक्यं वाया गेली. मी खाटेवर बसलो. उमाबाई घरातून आल्या. एका हातात वाटीत गूळ, दुसऱ्या हातात तांब्या. दोन्ही माझ्यापुढं ठेवलं आणि जरा बाजूला उभ्या राहिल्या. कुणी "घ्या" म्हणालं नाही. बापूसाहेब बैलांकडं बघत होते. पलीकडं बोअरची मोटार चालू होती, तिचा आवाज येत होता. एप्रिल जाऊन पाच महिने झाले होते.

मी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तांब्या उचलला. पाणी जड होतं. टीडीएस, म्हणजे क्षारांचं प्रमाण, आठशेच्या खाली नसणार, जिभेला कळत होतं. मी तांब्या रिकामा केला, खाली ठेवला आणि म्हणालो, "वहिनी, अजून एक आणा."

बापूसाहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. म्हणाले, "एवढं नका पिऊ दाजी. तपासलेलं न्हाई."

उमाबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. आम्ही दोघं हसलो. मी जरा जास्तच हसलो असेन, कारण बैलानं मान वळवून बघितलं.

जेवण झालं. पितरांचा स्वयंपाक होता, वडे, खीर. दर घासाला त्यांनी सिंधुची चौकशी केली. गुडघे कसे आहेत, राखी मिळाली म्हणून सांगा, बांधायला कुणी नव्हतं म्हणून देवापुढं ठेवली. निघायच्या वेळी त्यांनी पिशवीतली फुलं ओसरीवर ओतली आणि दोन ढीग केले. एक देवघरात नेऊन ठेवला. दुसरा आपल्या ओल्या पंचात बांधला, दरसाल बांधतात तसा, गाठ मारून.

"हे सिंधुला," म्हणाले. "माहेरची माळ."

मी म्हणालो, "द्या, पिशवीत टाकतो."

"तुमच्याकडं कशाला? कंडक्टरकडं देतो की."

"अहो, मी त्याच गाडीनं चाललोय."

"तुमी जा की. तुमाला कोण नको म्हणालं? पण फुलं कंडक्टरकडंच जातात आमच्याकडून. रीत ती रीत."

आणि खरोखर स्टँडपर्यंत आले. गाठोडं कंडक्टरच्या हातात देऊन म्हणाले, "लातूरला आमचे दाजी घ्यायला येतील." कंडक्टरनं विचारलं, "कसे दिसतात?" बापूसाहेबांनी खिडकीतल्या माझ्याकडं बोट केलं. कंडक्टरनं आळीपाळीनं दोघांकडं बघितलं आणि गाठोडं आपल्या शेजारी ठेवलं. देवणीपासून लातूरपर्यंत मी तिसऱ्या बाकावर बसून माझ्याच फुलांवर नजर ठेवली. लातूरच्या स्टँडवर खाली उतरलो, पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिलो आणि गाठोडं ताब्यात घेतलं.

३ ऑक्टोबर

घट बसले. सिंधुनं सकाळी पंचाची गाठ सोडली. फुलांआधी तिनं तो पंचाच नाकाशी धरला. मग माळ ओवायला बसली. ओवता ओवता म्हणाली, "दादाची फुलं दरसाल अशीच टवटवीत असतात." माझ्याकडं तिरकं बघितलं. मी तिला सुईत दोरा ओवून दिला.

आरओची बादली भरली होती. ती उचलून मी ढिगावरच्या तरवडाला घालायला मागच्या दाराकडं निघालो. सिंधुनं नुसतं "अहो" म्हटलं. मी परत फिरलो आणि बादली मोरीत ओतली. जिवावर आलं, पण ओतली.

आरती झाल्यावर मी स्वतः देवणीला फोन लावला. बापूसाहेबांनी उचलला.

"दाजी, फुलं पोचली का?"

"पोचली."

"वाटेत सुकली न्हाईत ना?"

"नाही," मी म्हणालो. "कंडक्टर चांगला होता. नीट आणली."